ग्वेनचं नाव कमी केलं

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला ग्वेन पास झाली आणि तिथंच सगळं बिनसलं. आधी मला कळलंच नाही. मी चहाचा कागदी कप बाजूला सारला आणि शेजारच्या टेबलावरच्या मेहविशला म्हटलं, पास झाली बरं का आपली पोरगी. मेहविशनं एका कानातलं इअरफोनचं बोंडूक काढलं, हसली, परत घातलं. मग मी पुढची ओळ वाचली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या शाईतली, उजवीकडं कललेली ती अक्षरं एव्हाना मला सासूबाईंच्या आवाजाइतकी ओळखीची झाली होती. परीक्षा पास झाल्यामुळे ग्वेनला शाळेतून मोकळीक मिळाली आहे, असं लिहिलं होतं. आज तिचं नाव पटावरून कमी केलं. आणि त्यापुढं दोन शब्द लिहून त्यांच्यावर रेघ मारली होती. एकच रेघ, घाईत मारलेली. खालचे शब्द सहज वाचता येत होते. फार वाईट. मी दोन्ही हात कळफलकावर ठेवून नुसती बसून राहिले, आणि पंख्याच्या वाऱ्यानं कप खाली पडला तेव्हा भानावर आले.

आमचं काम सांगते, नाहीतर ही बाई काय बरळते ते कुणाला कळायचं नाही. नगरला दिल्ली गेटजवळ एका मोबाईलच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. सहा बायका, सहा कॉम्प्युटर, आणि गच्चीवर एक पाण्याची टाकी, जी आठवड्यातून दोनदा उतू जाते. कुठल्या कुठल्या देशांतल्या जुन्या वह्यांचे फोटो येतात, ते वाचून आम्ही टाईप करतो. एकच पान दोघीजणी वेगवेगळं टाईप करतात, मग मशीन दोन्ही ताडून बघतं आणि जिथं पटत नाही तिथं लाल होतं. नियम एकच. पानावर जे आहे ते, आहे तसं. चूक असली तर चूकसुद्धा. खोडलेलंही टाईप करायचं, फक्त खोडलेलं आहे अशी खूण करायची. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. श्रावणापासून माझ्या नि मेहविशच्या वाट्याला वेल्समधल्या एका शाळेची वही आली होती. वेल्स म्हणजे इंग्लंडला चिकटून असलेला डोंगराळ, पावसाचा, कोळशाच्या खाणींचा मुलुख. पण तिथल्या माणसाला इंग्रज म्हटलेलं चालत नाही, एवढं मला दोन महिन्यांत समजलं. तिथल्या हेडमास्तरला रोज शाळेत काय घडलं ते वहीत लिहावं लागे, आणि पहिल्याच पानावर छापलं होतं, की स्वतःची मतं, विचार वगैरे इथं लिहू नयेत. म्हणजे त्याचा नियम नि माझा नियम एकच. तेव्हापासून मला तो माणूस आपल्यातला वाटायला लागला होता.

एक सबंध वर्ष त्याच्याबरोबर काढलं मी. एकोणीसशे दहाच्या सप्टेंबरपासून अकराच्या जुलैपर्यंत. सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा निम्मी पोरं डोंगरावर रानफळं तोडायला गेलेली. नोव्हेंबरात खाणीत संप झाला. बापे घरी, चुली थंड; शाळेत आलेल्या पोरांना रांगेनं चॅपेलच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या देवळाच्या, मागच्या खोलीत नेऊन सूप नि पाव देत. त्या दिवसांत हजेरी वाढली, आणि हेडमास्तरनं तेही अक्षरानं न बोलता आकड्यानं लिहिलं. जानेवारीत बर्फ पडलं नि दौतीतली शाई गोठली, म्हणून तो आठवडा सगळा पेन्सिलीत आहे. एक मार्चला त्यांच्या संताचा दिवस. पोरं छातीला लीक लावून आली. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीची थोरली बहीण. गाणी झाली, अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली. गाणी त्यांच्या भाषेतली, वही मात्र इंग्रजीत. घरी एक नि कागदावर एक असं त्यांचंही होतंच. लग्न होऊन केडगावला आले तेव्हा माझं ‘लई’ नि ‘न्हाई’ ऐकून नणंदा तोंडाला पदर लावत, ते मला त्या पानावर आठवलं. एप्रिलात गोवर आला, शाळा तीन आठवडे बंद राहिली, आणि उघडली तेव्हा दोन नावं कायमची कमी झालेली. जूनमध्ये लंडनला राजाला मुकुट घातला म्हणून प्रत्येक पोराला एक एक मग वाटला. त्यानंतर इतका उन्हाळा कडकला, की मास्तरनं घट्ट बसलेल्या खिडक्या उघडायला सुतार बोलावला. आमच्याकडच्या वैशाखाला ते काय म्हणाले असते कोण जाणे.

आणि या सगळ्यात ग्वेन. बारा वर्षांची, ऑक्टोबरात पहिल्यांदा आली. तान्ह्या भावाला काखेत मारून वर्गात आली, नियमाप्रमाणे परत पाठवली. एवढी एक ओळ. मग दर सोमवारी तेच ते: धुण्याचा दिवस, मुली कमी. खाणीतून आलेले बापाचे, भावांचे कोळशानं माखलेले कपडे. पाणी तापवायचं, घासायचं, पिळायचं, आणि आई त्यात अडकली की बाळ कुणाकडं? मास्तर नावं लिहायचा नाही, पण ग्वेनचं लिहायचा. ग्वेन गैरहजर, बाळाजवळ. ग्वेन आली, गणितात सगळ्यांच्या पुढे. ग्वेन गैरहजर. आज ग्वेननं मोठ्या मुलांना नकाशा समजावला. चौदा वर्षांपर्यंत तिथं शाळा सक्तीची होती, आणि मला वाटलं, सक्ती आहे तर मग काय, निघेल पोरगी तरून. परीक्षेचा उल्लेख यायला लागला तेव्हा मी सकाळी रिक्षातून उतरून जिना जवळजवळ पळतच चढायचे. मेहविश म्हणायची, ताई, ती कधीच मरून गेली असेल. मी म्हणायचे, पण परीक्षा अजून व्हायचीय ना. मला काय माहीत, की त्यांच्याकडं त्या काळी हुशार पोरांसाठी ती एक पळवाट होती. ठरलेली परीक्षा पास होणाऱ्याला चौदाच्या आधीच शाळा सोडून कामाला जाता येई. ढ पोरगी वर्गात राहायची आणि हुशार घरी जायची. मी दोन महिने जिच्या पास होण्यासाठी जीव टांगून बसले, ती पास झाली म्हणूनच गेली.

त्या दिवशी माळीवाड्यापासून केडगावपर्यंत मी शेअर रिक्षात दोन बायकांच्या मध्ये दाबून बसले होते आणि मनातल्या मनात त्या हेडमास्तरशी भांडत होते. वाईट वाटलं ना तुला? मग उठला का नाहीस? तुझ्या शाळेपासून तिचं घर किती लांब असणार, एका टेकडीवरचं तर गाव. टोपी घालायची, दार वाजवायचं, बापाला म्हणायचं, बाबा रे, ही पोरगी शाळेत ठेव अजून दोन वर्षं. तो नाही म्हणाला असता. म्हणू दे. पण तू वहीत दोन शब्द लिहिलेस, आणि तेही नियमाला भिऊन खोडलेस. मला त्याची चीड आली, इतकी की शेजारची बाई म्हणाली, बरं नाही का वाटत. आणि उड्डाणपुलाखालून रिक्षा वळताना मला एकदम उमगलं, की ही चीड त्याची नव्हेच. पंधरा दिवसांपूर्वी कल्याणचा, माझ्या धाकट्या भावाचा, शेवगावकडून फोन आला होता. आई उन्हाळ्यात गेली. इतकी वर्षं कल्याण नि पूजा ऊस तोडायला कोपरगावकडं जात आणि त्यांची लेक संस्कृती गावात आजीजवळ राहून शाळा करी. आता आजी नाही, आणि अंगद नऊ महिन्यांचा. कोयता म्हणजे जोडी. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. तिच्या पाठीशी लेकरू बांधून ते होत नाही. तेव्हा या वर्षी संस्कृतीला न्यावं लागणार, असं तो सांगत होता. सातवीत वर्गात पहिली आलेली पोरगी. मी काय म्हटलं? मी म्हटलं, अरेरे. आणि फोन ठेवून वांगी चिरायला घेतली. माझ्याही वहीत दोन शब्दच होते.

आता यात एक गोष्ट अशी, की कल्याणपुढं माझं तोंड उघडत नाही. माणसं म्हणतात, सविताबाई फटकळ. नवरा तर म्हणतो, हिच्या जिभेला धार लावायला लागत नाही. पण कल्याणपुढं मी मुकी. मी दहा वर्षांची होते, तो वर्षाचा. आईबाप फडात, मी कोपीत, म्हणजे पाचटाच्या त्या झोपडीत, त्याच्याजवळ. ऊसतोड्यांच्या पोरांसाठी साखरशाळा तेव्हा नुकत्याच निघत होत्या आणि आमच्या मुक्कामाच्या तळावर एक मास्तरीण पत्र्याच्या शेडमध्ये पोरं गोळा करायला लागली होती. चाळीस पावलांवर. मी त्याला काखेत घेऊन गेले, तो रडला, बाई म्हणाल्या, याला ठेवून ये हं बाळ. गोड बोलल्या बिचाऱ्या. मी त्याला साडीच्या झोळीत निजवलं आणि गेले. फळ्यावर त्यांनी बैल काढला, बैलाखाली शब्द काढला, आणि मला तो शब्द वाचता आला. गावच्या शाळेत जेमतेम दोन वर्षं, तीही अर्धी अर्धी बसलेली मी, मला तो वाचता आला. मी आणखी एका शब्दासाठी थांबले. मग आणखी एका. झोळी कधी सुटली, तो चुलीपर्यंत कसा रांगला, मला माहीत नाही. मी ओरडणं ऐकलं नि धावले. त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याला चिकटली ती चिकटलीच. आईनं मला मारलं नाही. बाप एक अक्षर बोलला नाही. पुढं कल्याण त्याच हातानं कोयता धरायला शिकला, दोन बोटं नि अंगठा, आणि फडात त्याच्याइतका वेगानं तोडणारा कमी, असं म्हणतात. मला त्याचं कौतुकसुद्धा करता आलं नाही कधी. मी लग्न होऊन इकडं आले, नवऱ्यानं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवलं, टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या, बी. ए. झाले, मुलगा मोठा झाला, चाकणला कंपनीत लागला. आणि प्रत्येक वेळी पेढे घेऊन माहेरी गेले की कल्याण त्याच हातानं पेढा घेणार. मला वाटे, हे सगळं मी त्या दोन बोटांवर मिळवलंय.

पण ग्वेनला मी एकदाही दोष दिला नव्हता. हे त्या रिक्षात मला सुचलं आणि घरी आले तरी सुटेना. ग्वेन भावाला घरी ठेवून वर्गात आली की मी खूश व्हायचे. तिचा तो भाऊ तेव्हा कुणाजवळ असेल, हा विचार मला शिवलाही नव्हता. मी म्हणे, बस गं तू, शिक. मग दहा वर्षांच्या सवितावर एवढी वर्षं कसली खार खाऊन बसले होते मी? आमच्या ह्यांना, मच्छिंद्रला, रात्रीच्या भाकरीला बसल्यावर म्हटलं, संस्कृतीला इकडं आणू. तो टेम्पो चालवतो, दिवसभर रस्त्यावर बोलून आलेला असतो, घरी कमी बोलतो. म्हणाला, आण की. आई आहे घरात, तिला तेवढंच कुणीतरी ओरडायला मिळेल. मग पाणी पिऊन म्हणाला, पण बाळाचं काय? मी म्हटलं, तेही आणू. तो म्हणाला, नऊ महिन्यांचं अंगावरचं पोर आई देईल का तुला. मी म्हटलं, बघू. हा ‘बघू’ मात्र मी अरेरेसारखा टाकला नव्हता.

भाऊबीजेला गेले. शेवगावच्या पुढं बोधेगावकडं जाताना एस. टी.च्या खिडकीतून दिसणारं रान दिवाळीतच पिवळं पडलेलं असतं. बाजऱ्या निघाल्या की गाव रिकामं व्हायला लागतं. टोळी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. अंगणात पत्र्याची पेटी, बादल्या, सरपणाची मोळी, पिठाची पोती, सगळं बांधून ठेवलेलं. संस्कृतीनं माझी पिशवी घेतली. उंच झाली होती. दप्तर खुंटीला टांगलेलं होतं आणि त्याच्या वर कुणाची तरी ओढणी टाकलेली. मी आणलेल्या करंज्या पूजानं डब्यात भरल्या, म्हणाली, वन्सं, तळावर पुरतील चार दिस. मी पाट मांडला, कल्याणला ओवाळलं. त्यानं खिशातून नोट काढली नि ताटात टाकायला हात पुढं केला, तो हात, आणि मी ताट मागं घेतलं. हे मी एस. टी.त घोकलेलं होतं आणि घोकताना मला फार छान वाटलं होतं. मी म्हटलं, मला ओवाळणीत संस्कृती दे.

कल्याणनं नोट पाटावर ठेवली. मग शांतपणे म्हणाला, “आक्का, पोरगी काय ताटात घालायची वस्तू हाय व्हय?”

खरं होतं त्याचं. चोरासारखं झालं मला. एवढं शिकून, एवढं टाईप करून मी शेवटी पोरीला नोटेच्या जागी मागितलं होतं, आणि ती दारात उभी राहून ऐकत होती. मी ताट खाली ठेवलं आणि सरळ बोलायला बसले. तिला केडगावच्या शाळेत घालते, दाखला तेवढा काढून दे, सुट्टी संपायच्या आत नाव घालू. कल्याण म्हणाला, मला का पोरीचं वाईट करायचंय, पन अंगदला बगायचं कुनी? मी म्हटलं, अंगदही दे. त्यावर पूजा आत चुलीजवळ होती ती बाहेर आली. ती माझ्यापुढं कधी चढ्या आवाजात बोललेली नाही. तेव्हाही बोलली नाही. बाटली त्यानं धरलेलीच नाही, म्हणाली. तोंडात घेतो नि थुंकतो. इथं माझा ऊर भरून यायचा आणि तिथं ते उपाशी रडायचं, ते मला जमायचं न्हाई वन्सं. सक्रांतीला वरीस भरंल, भात-वरण खाया लागंल, मंग बगू. तिच्या बोलण्यात कुठं खुसपट काढायला जागा नव्हती. ग्वेनच्या आईलाही दर सोमवारी असंच काहीतरी खरंखुरं म्हणायचं असणार, ते कुणी लिहून ठेवलं नाही एवढंच.

मग कल्याण मला समजवायला लागला. हे मला सर्वांत जड गेलं. माझ्या बाजूला येऊन बसला, अंगदला मांडीवर घेतलं नि म्हणाला, “आक्का, तू जिवाला लावून घेऊ नगंस. मला कुनी संबाळलं? तूच न्हवं? तू बी तवा हिच्याहून ल्हानच हुतीस. मंग, काय बिघडलं?”

त्याला खरंच दिलासा द्यायचा होता. अंगद त्याची ती चिकटलेली बोटं तोंडात घालून चावत होता. बत्तीस वर्षं या घरात ज्याच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं, ते माझ्या तोंडून बाहेर पडताना मला ऐकू आलं.

“तुजा हात बिघडला, कल्याण.”

मी थांबले असते तर परत सुरू झाले नसते, म्हणून बोलत राहिले. म्हटलं, मी धा वर्साची हुते. मला वाचायचं हुतं म्हनून गेले. माझी चूक हुती असं मी आजपातुर धरून चालले, पन धा वर्साच्या पोरीच्या गळ्यात लेकरू बांदून समदे निघून गेल्ते, ती माझी चूक न्हवती. उद्या तुजी पोरगी बी चाळीस पावलं चालून जाईल, ती हुशार हाय म्हनून जाईल. न्हाई गेली तर जल्मभर आत कुडत राहील, आन गेली तर माझ्यासारकी तोंड शिवून बसंल. कल्याणनं अंगदच्या तोंडातून हात काढून घेतला. म्हणाला, तुला कुनी काय म्हनलं का गं कदी? मी म्हटलं, न्हाई. कुनीच काय म्हनलं न्हाई. आणि मला रडू आलं. चारचौघांत रडायची मला सवय नाही, त्यामुळं ते कसंतरीच झालं, शेंबडासकट.

तोंड पुसून मी म्हटलं, मी येते तळावर. हे मी एस. टी.त घोकलेलं नव्हतं. म्हटलं, संस्कृती केडगावला जाईल, तिची जागा मी घेते. सक्रांतीपातुर. पोरगं जेवाया लागलं की त्याला घेऊन मी परत जाईन, तुमी हंगाम उरकून या. पूजा म्हणाली, वन्सं, तुमची नोकरी? मी म्हटलं, नोकरीचं माझं मी बघते. कल्याण म्हणाला, पाव्हनं काय म्हनतील? मी तिथंच बसून मच्छिंद्रला फोन लावला. त्याच्या मागं कुठल्या तरी ट्रकचा हॉर्न वाजत होता. मग म्हणाला, तुला कोपीत झोप लागेल का. मी म्हटलं, दहा वर्षं झोपलेय. म्हणाला, उद्या सकाळी टेम्पो घेऊन येतो पोरीला न्यायला, आणि तुझी ती कंबरदुखीची गोळी आणतो. त्याच्याशी लग्न लावून दिलं, एवढ्या एकासाठी मी बापाला माफ केलंय. मग मेहविशला फोन केला. ती म्हणाली, साहेब जागा रिकामी ठेवणार नाहीत, ताई. मी म्हटलं, माहीत आहे. मग म्हणाली, ती वही आज मशीनला गेली, एकही ओळ लाल झाली नाही. त्या शेवटच्या खोडलेल्या शब्दांपाशी मी पण थांबले होते, ती म्हणाली.

एवढं सगळं मोठ्यांनी ठरवलं आणि संस्कृतीला कुणी विचारलंच नव्हतं. ती ओसरीच्या कोपऱ्यात बसून अंगदचं कुंचडं दुमडत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, “आत्या, त्याला झोळीत पालथा निजवावा लागतो. उताना निजवला तर दचकतो.” मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, आणि पाणी कोमट. मी म्हटलं, बरं. मग तिनं खुंटीवरची ओढणी बाजूला केली, दप्तर खाली काढलं आणि त्यातली पुस्तकं एक एक बाहेर काढून परत नीट भरली. सकाळी मच्छिंद्रच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसली तेव्हा तिनं अंगदकडं बघायचं टाळलं. आमचा ट्रक वेगळ्या दिशेला वळला.

तळ जसाच्या तसा होता. पार कमरेतून वाकावं लागतं असं कोपीचं दार, पाचटाचा वास, बैलांचं शेण, दूर कारखान्याच्या मळीची ती गोडसर कुबट घाण जी नाकात बसली की आठवडाभर जात नाही. मला वाटलं होतं, मी बघितल्याबरोबर मोडून पडेन. तसं काही झालं नाही. चूल मी पहिल्याच दिवशी कोपीबाहेर मांडली, चारी बाजूंनी दगड रचले, आणि झोळीचा कासरा तीनदा ओढून बघितला. पहाटे कल्याण नि पूजा फडात गेले. पूजा दोनदा येऊन अंगदला पाजून जाई, मधल्या वेळात तो माझा. दिवाळीची सुट्टी संपली त्या दुपारी मच्छिंद्रचा फोन आला, की पोरीचं नाव घातलं पटावर, बाईंनी पहिल्या बाकावर बसवलं. मी हं म्हटलं. फोन ठेवला नि अंगदला दुसऱ्या कडेवर घेतलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून जवळच्या वस्तीवरच्या झेडपीच्या शाळेचे एक सर आले आणि तळावरच्या पोरांची नावं लिहून घेऊन गेले. मुलं गेली दुसऱ्या दिवशी. मुली राहिल्या. त्या रोज माझ्या कोपीसमोर येत, चार-पाच जणी, आठ, नऊ, अकरा वर्षांच्या, प्रत्येकीच्या काखेत एक एक पोर. एक खांदा वर, एक खाली. मी अंगदला खेळवताना बघत. शहरातली बाई पोर कसं सांभाळते, याची त्यांना गंमत वाटत असावी. एक पोपटी फ्रॉकवाली तर माझ्या चुका काढायची. दोन दिवस मी त्यांना नुसतं बघू दिलं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. एक पोर सांभाळताना माझा जीव दिवसभर मुठीत असायचा. पण पाचव्या दिवशी सकाळी शाळेची घंटा ऐकू आली, मुलं पळाली, आणि त्या पाचही जणींनी एकदम तिकडं मान वळवली नि परत माझ्याकडं केली. मी गोधडी अंथरली. म्हटलं, ठेवा इथं सगळ्यांना. एकीलाही कळलं नाही मी काय म्हणतेय. मी परत म्हटलं, ठेवा आणि जावा शाळेत, दुपारपर्यंत मी हाय. दोघींनी लगेच ठेवली नि गेल्या. एक आईला विचारते म्हणाली आणि फडाकडं गेली, ती परत आलीच नाही. एक म्हणाली, आमचं न्हाई ऱ्हायचं, आणि खरंच त्याचं रडणं ऐकून परत घेऊन बसली.

पोपटी फ्रॉकवालीनं भावाला गोधडीवर ठेवलं आणि ती तशीच उभी राहिली. काखेत काही नाही म्हटल्यावर हातांचं काय करायचं ते तिला समजेना. मग चालायला लागली. कडेच्या लिंबापर्यंत गेली नि परत आली, त्याच्या तोंडावर बसलेली माशी हाकलली, पुन्हा गेली. पंधरा मिनिटांनी धापा टाकत आली. मी म्हटलं, बघ, हाय का न्हाई? तिनं त्याचे हात तपासले, पाय तपासले, गेली. मी चार पोरांच्या मध्ये बसून होते, एकाचा पाय माझ्या मांडीखाली, एकाची मूठ माझ्या पदरात, आणि उठायचं नाही, एवढंच मनाशी घट्ट धरून होते. अकराच्या सुमाराला ती तिसऱ्यांदा आली. या वेळी तिच्या हाताला खडू लागलेला होता.

“निजलाय?” तिनं विचारलं.

“निजलाय. रडला थोडा, मग निजला. तू जा.”

ती गेली, आणि शाळा सुटेपर्यंत परत आली नाही.